प्रश्न विचारण्याचा अधिकार

एखाद्या प्रदेशाच्या विकासाची योजना आखावयाची झाली म्हणजे पहिले काम माहिती जमविण्याचे असते. माणसे किती, जमीन किती, शाळा व दवाखाने किती, दरडोई उत्पन्न काय, हे कळल्यावाचून आराखडा तयार होत नाही. आकड्यांवाचून राज्यकारभार करणे म्हणजे अंधारात गाडा हाकणे होय, याविषयी दुमत नाही. तथापि एक साधी गोष्ट पुष्कळदा ध्यानातून निसटते. प्रत्येक आकडा हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते आणि तो प्रश्न कोणी तरी विचारलेला असतो. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचे उत्तर कोणत्याही कोष्टकात मिळत नाही. योजना चुकतात त्या नेहमी आकडे चुकल्यामुळेच चुकतात असे नाही. पुष्कळदा आकडे बिनचूक असतात, पण ते भलत्याच प्रश्नाचे असतात.

गरीब देशांच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र होते. तेथील दारिद्र्याविषयी, रोगराईविषयी, शेतीविषयी जे संशोधन होते, त्याचा पैसा बहुधा दुसरीकडून येतो, प्रश्नावली दुसरीकडे तयार होते आणि निष्कर्षही दूरच्या नियतकालिकांत प्रसिद्ध होतात. ज्याच्याविषयी हे सर्व चालते तो गावकरी या व्यवहारात केवळ उत्तरे देणारा असतो. आपल्या उत्तरांचे पुढे काय झाले हे त्याला कळत नाही, आणि आपणही एखादा प्रश्न विचारू शकतो असे त्याला कोणी सांगितलेले नसते. ही रीत बदलून संशोधनाचे सूत्र त्या प्रदेशातल्या माणसांच्या हाती असावे, आणि त्यातून निघालेल्या ज्ञानावर सर्वसमावेशक विकासाची धोरणे उभी राहावीत, असा विचार गेल्या काही दशकांत बळावला आहे. त्याला स्थानिक पुढाकाराचे संशोधन असे म्हणता येईल.

अशा संशोधनाची तीन लक्षणे सांगता येतात. पहिले, प्रश्न तेथल्या जीवनातून निघालेला असावा. दुसरे, मोजण्याची साधने व भाषा तेथल्या माणसाला पेलणारी असावीत. आणि तिसरे, निष्कर्ष प्रथम त्याच माणसांकडे परत जावा आणि त्यांच्यामार्फत शासनाच्या दारी पोहोचावा. या तिहींपैकी एकही नसेल तर संशोधन विद्वत्तापूर्ण होईल, पण ते स्थानिक म्हणता येणार नाही, मग ते कितीही खेड्यांत फिरून केलेले असो.

मराठी माणसाला ही कल्पना सर्वस्वी नवी वाटू नये. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, ते याच जातीचे होते. वरच्या वर्गाला शिकविले की शिक्षण आपोआप खाली झिरपेल, असे तत्कालीन धोरण सांगत होते. फुले यांनी स्वतः शाळा चालविल्या होत्या. खेड्यातील शेतकऱ्याचे मूल शाळेत का येत नाही, हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या अनुभवाच्या बळावर त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आयोगापुढे ठेवला. पुढल्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या घराचे, अन्नाचे, वस्त्राचे जे बारीक वर्णन आहे, ती एका अर्थी त्या काळची पाहणीच आहे. १९३० मध्ये पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची शास्त्रशुद्ध पाहणी करून या परंपरेला गणिताची शिस्त दिली. अनुभव आणि शिस्त या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच धोरण बदलण्याइतके वजन संशोधनाला प्राप्त होते.

या दोहोंची सांगड अलीकडच्या काळात कोठे व कशी घातली गेली, हे पाहावयाचे असेल तर महाराष्ट्राच्या पूर्व सीमेपलीकडे छत्तीसगडाकडे वळावे लागेल. हा प्रदेश मराठी भाषकांना परका नाही. नागपूरच्या भोसल्यांचा अंमल तेथे होता. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानीतूनच चाले. माधवराव सप्रे या मराठी भाषक गृहस्थांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, ही गोष्ट आजही तेथे आदराने सांगितली जाते.

रायपूरच्या उत्तरेस बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरी लागते. शहर वाढत गेले तसे हे ठिकाण शहरात सामावले, तेथे कारखाने उभे राहिले, आणि त्याच्यापुढे उरला व सिलतरा ही आणखी मोठी औद्योगिक क्षेत्रे वसली. राज्याच्या कोष्टकांत या पट्ट्याची नोंद उत्पादन, भांडवल आणि रोजगार या सदरांखाली होते, आणि ती पाहून कोणालाही समाधानच वाटेल. परंतु घरांच्या छपरांवर बसणारी काळी धूळ मुलांच्या छातीचे काय करते, नळाच्या रांगेत दिवसाचा किती वेळ जातो, गावाकडून कामासाठी आलेल्या माणसाला शिधापत्रिका गावात आणि पोट शहरात असल्यामुळे काय सोसावे लागते, हे प्रश्न त्या सदरांत बसत नाहीत. ते विचारणे तेथे राहणाऱ्यांनाच सुचू शकते. भनपुरीसारख्या वस्त्या प्रत्येक गरीब देशातील प्रत्येक वाढत्या शहराच्या वेशीवर आहेत. त्यांच्यासाठी धोरण ठरवावयाचे असेल, तर त्यांचे प्रश्न त्यांच्याच तोंडून कसे ऐकावयाचे, हीच खरी कसोटी आहे.

छत्तीसगडाने ही कसोटी आपल्या जन्माबरोबरच अंगावर घेतली. १ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य अस्तित्वात आले. नव्या राज्याचा पहिला मानव विकास अहवाल तयार करण्याची वेळ आली तेव्हा एक वेगळा मार्ग निवडला गेला. सामान्यतः असा अहवाल काही तज्ज्ञ मंडळी उपलब्ध आकडेवारीच्या आधारे लिहितात. येथे मात्र गावांनीच आपापला वृत्तान्त लिहावा असे ठरले. त्याला ‘जन रपट’ असे नाव मिळाले. हिंदीत रपट म्हणजे वृत्तान्त. प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या साहाय्याने गावकऱ्यांनी एकत्र बसून आपले पाणी, जंगल, जमीन, उपजीविका, शिक्षण, आरोग्य, परंपरागत ज्ञान आणि गावच्या संस्था यांविषयी चर्चा केली व ती लिहून काढली. एकोणीस हजारांहून अधिक गावांनी असे वृत्तान्त तयार केले. त्यांवरून त्या वेळच्या सोळा जिल्ह्यांचे अहवाल सिद्ध झाले आणि त्या सर्वांच्या आधारे २००५ मध्ये राज्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

या उपक्रमाचे महत्त्व केवळ त्याच्या आकारात नाही. मानव विकास मोजण्याची जगन्मान्य रीत आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तीन गोष्टींवर उभी आहे. गावांनी लिहिलेल्या वृत्तान्तांत मात्र पहिल्या प्रथम जल, जंगल आणि जमीन आली. ज्या प्रदेशात मोहाची फुले, तेंदूची पाने, चारोळी आणि सालबीज यांवर वर्षातील कित्येक महिने घर चालते, तेथे जंगल हे उत्पन्नाचे साधन आहे, औषधाचे कपाट आहे आणि दुष्काळातली शिदोरीही आहे. उत्पन्नाच्या सदरात ते मावत नाही. तज्ज्ञाने जे तीन कप्पे वेगळे केले होते, ते गावाच्या अनुभवात एकच होते. धोरण आखणाऱ्याला ही जाणीव होणे, हेच एक मोठे ज्ञान होय. कारण पाणी एका खात्याकडे, जंगल दुसऱ्याकडे व आरोग्य तिसऱ्याकडे सोपवून तिन्ही खाती एकमेकांशी बोलेनाशी झाली, की नुकसान गावाचे होते.

त्याच सुमारास रायपुरात आणखी एक प्रयोग आकार घेत होता. २००२ मध्ये तेथे राज्य आरोग्य संसाधन केंद्र स्थापन झाले आणि ‘मितानिन’ योजना सुरू झाली. छत्तीसगडात दोन मुलींना विधिपूर्वक जन्माच्या मैत्रिणी करण्याची जुनी चाल आहे. हे नाते जातीपातीची वेस ओलांडून जाते आणि मरेपर्यंत पाळले जाते. अशी मैत्रीण म्हणजे मितानिन. आरोग्यसेविकेला हे नाव देण्यात मोठेच शहाणपण होते. परंतु नावाहून महत्त्वाचा होता तो तिचे क्षेत्र ठरविण्याचा निर्णय. सरकारी हिशेबात एकक असते ते गाव. प्रत्यक्षात तेथले एक गाव म्हणजे शेताडीत व रानात विखुरलेले अनेक ‘पारे’ असतात. आपल्याकडे त्यांना वाडी किंवा पाडा म्हणतात. गावाला एक सेविका नेमली तर ती बहुधा मुख्य वस्तीत राहणार, आणि ज्या पाऱ्यात सर्वांत गरीब माणसे राहतात तेथे ती क्वचितच जाणार, हे स्थानिक परिस्थिती जाणणाऱ्या कोणालाही समजण्यासारखे होते. म्हणून प्रत्येक पाऱ्यातील लोकांनी आपल्यातलीच एक बाई निवडावी असे ठरले. काही वर्षांतच राज्यभर सुमारे साठ हजार मितानिनी काम करू लागल्या.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यात देशभर ‘आशा’ सेविका नेमण्याचे ठरले. त्या वेळी ज्या अनुभवांचा आधार घेतला गेला त्यांत मितानिनीचा अनुभव ठळक होता. मात्र देशाच्या पातळीवर योजना जाताच दर हजार लोकसंख्येमागे एक सेविका असे माप आले. स्थानिक अनुभव धोरणात शिरताना त्याचा आत्मा थोडाफार मागे राहण्याचा धोका कसा असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. पाऱ्याचे माप हे संशोधनातून आलेले होते. हजाराचे माप सोयीतून आले. पुढे २०१२ पासून छत्तीसगडाने शहरांतील गरीब वस्त्यांतही मितानिनी नेमल्या. गावासाठी शोधलेला उपाय शहराच्या वेशीवरील वस्तीलाही लागू पडतो, एवढे तरी त्यावरून ध्यानात आले.

भनपुरीवरून उत्तरेकडे जाणाऱ्या त्याच रस्त्याने बिलासपूर गाठले की जवळच गनियारी नावाचे गाव आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शिकलेल्या काही डॉक्टरांनी तेथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ही संस्था उभारली, आणि २००० सालापासून तेथे दवाखाना चालू झाला. भोवतालच्या खेड्यांतून येणाऱ्या क्षयरोग्यांची संख्या मोठी होती. औषधे होती, त्यांचे गुणही ठाऊक होते. पण रोगी तपासणीच्या मेजावर येई तेव्हा डॉक्टरांच्या नजरेत प्रथम भरे ते त्याचे हडकुळेपण. म्हणून त्यांनी एक अगदी साधी गोष्ट केली. प्रत्येक रोग्याचे वजन व उंची काळजीपूर्वक नोंदविली.

२००४ ते २००९ या काळातील १,६९५ प्रौढ रोग्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या रोग्यांना वजनाच्या क्रमाने ओळीत उभे केले असते, तर पुरुषांच्या ओळीत मधोमध येणाऱ्याचे वजन भरले असते सुमारे ४२ किलोग्रॅम आणि स्त्रियांच्या ओळीत अवघे ३४ किलोग्रॅम. पाचांपैकी चार स्त्रिया आणि तिघांपैकी दोन पुरुष मध्यम किंवा तीव्र कुपोषणाच्या कक्षेत होते, आणि ज्यांचे कुपोषण तीव्र त्यांना मृत्यूचा धोका दुपटीने अधिक होता.

या आकड्यांचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोगावर एक थोर प्रयोग सुरू झाला. रोग्यांचे दोन गट करून एकाला आरोग्यधामात ठेवले आणि दुसऱ्याला घरीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्पन्न झाले की, घरी राहून निकृष्ट अन्न खाणारे रोगीही औषधाने तितकेच बरे होतात. या निष्कर्षाने जगभरची उपचारपद्धती बदलली. लक्षावधी गरिबांना घरबसल्या औषध मिळू लागले, आणि तो उपकार कधीही विसरता येणार नाही. परंतु या सत्याची एक सावली मागे राहिली. क्षयात अन्नाला फारसे महत्त्व नाही, असा समज धोरणात रुजला. मद्रासच्या प्रयोगाने विचारलेला प्रश्न होता, रोगी बरा कसा होईल. मुळात रोग कोणाला जडतो आणि कोण दगावतो, हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता. तो प्रश्न अर्धशतकानंतर गनियारीच्या वजनकाट्याने पुन्हा उभा केला.

पुढची वाटचाल शिकण्यासारखी आहे. अशा पुराव्यांचा ओघ वाढत गेला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने निक्षय पोषण योजना सुरू केली. क्षयरोग्याला उपचारकाळात आहारासाठी दरमहा ५०० रुपये थेट बँकेच्या खात्यात देण्याची ही योजना होय. गनियारीच्या अभ्यासात सहभागी असलेले डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांनी नंतर झारखंडात एक मोठा प्रयोग केला. रोग्याच्या घरातील इतर माणसांनाही दरमहा तांदूळ व डाळ दिली, आणि ज्या घरांतील माणसांना असा शिधा दिला नव्हता त्यांच्याशी तुलना केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि जंतुपरीक्षेने सिद्ध झालेल्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी झाले. २०२४ मध्ये मासिक साहाय्य दुप्पट म्हणजे १,००० रुपये करण्यात आले, आणि रोग्याच्या कुटुंबीयांनाही अन्नसाहाय्याच्या कक्षेत आणण्याचे ठरले. खेड्यातल्या दवाखान्यात सुचलेला प्रश्न दिल्लीच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचण्यास असा दीड-दोन दशकांचा काळ लागला.

छत्तीसगडाला लागूनच महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा आहे. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी रुग्ण दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीचा धाक, न समजणारी भाषा आणि नातलगांना रुग्णाजवळ राहू न देण्याची पद्धत, अशी कारणे पुढे आली. तेव्हा दवाखाना गोंडी वस्तीसारखा झोपड्यांत बांधला गेला, आणि त्याला नाव मिळाले ते बस्तरची आराध्य देवता दंतेश्वरी हिचे. हाही संशोधनाचाच निष्कर्ष होता, फक्त तो कागदाऐवजी मातीच्या भिंतींवर उतरला.

खेड्यातील स्त्रियांच्या आजारांविषयी राणी बंग यांनी वसा व अमिर्झा या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक तरी विकार होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. त्या काळी ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा सरकारी अर्थ होता बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. स्त्री ही आई होण्याच्या आधी व नंतरही आजारी पडते, हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

अर्भकांच्या मृत्यूविषयीचे त्यांचे काम याहून अधिक दूरवर पोहोचले. न्यूमोनियाची खूण म्हणजे बाळाचा जलद श्वास. पण जिला मोठ्या संख्या मोजता येत नाहीत अशा सुईणीने तो कसा मोजावा? त्यासाठी मणी ओवलेली एक पाटी व वाळूचे घड्याळ असे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर बाळाला औषध हवे. निरक्षरता हा सुईणीचा दोष न मानता मोजमापाच्या साधनाचा दोष मानला, यातच या पद्धतीचे मर्म आहे. पुढे ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्यात आली, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गावांतील मृत्यूंचीही नोंद ठेवली गेली. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी अशा गृहभेटींची शिफारस सर्व विकसनशील देशांना केली, आणि २०११ मध्ये भारत सरकारने ही पद्धत आशा सेविकांच्या कामात समाविष्ट केली.

याच कामातून २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला. महाराष्ट्रातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या क्षेत्रांत प्रत्येक बालमृत्यू मोजला. त्यावरून राज्यातील बालमृत्यूंची वार्षिक संख्या पावणेदोन लाखांपर्यंत असावी असा अंदाज निघाला, आणि सरकारी दप्तरातील नोंद त्याच्या मानाने फारच थोडी आहे हे उघड झाले. मूल मेले तरी नोंद झाली नाही, म्हणजे कागदावर ते मेलेच नाही, आणि कागदावर जे मेले नाही त्याच्यासाठी कोणी उपाय योजीत नाही. या अहवालाने विधिमंडळात व वृत्तपत्रांत खळबळ उडाली आणि शासनाला बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमावी लागली. मोजणी हे केवळ शास्त्राचे काम नसून न्यायाचेही आहे, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

शेजारच्या बांगलादेशाचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. अतिसारावर मीठ-साखरेचे पाणी गुणकारी असते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले होते. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी त्याचा मोठ्या प्रमाणावर यशस्वी उपयोग केला. पण ते घरोघरी पोहोचवावे कसे? ‘ब्रॅक’ या तेथील संस्थेने तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे माप ठरविले. १९८० ते १९९० या दहा वर्षांत तिच्या सेविकांनी सुमारे सव्वा कोटी घरांत जाऊन मातांना ते शिकविले. किती घरे शिकविली यावर सेविकेचे वेतन ठरविले नव्हते. मातेच्या ध्यानात किती राहिले हे नंतर तपासून ते ठरे. म्हणजे कामाची परीक्षा घेण्याचा अधिकार एका परीने मातेच्याच हाती आला.

ही उदाहरणे उत्साह देणारी आहेत, म्हणूनच त्यांच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. गाव म्हणजे एकच मन नव्हे. गावची सभा भरली की ज्याच्याकडे जमीन आहे, ज्याची जात वरची आहे, तो आधी बोलतो. बायका मागे बसतात, आणि वेशीबाहेरच्या वस्तीतली माणसे कित्येकदा बोलावलीच जात नाहीत. तेथे लिहिलेला वृत्तान्त गावाचा म्हणून ओळखला जाईल, पण तो चार घरांचाही असू शकेल. स्थानिक म्हणून कोणतेही मत आपोआप खरे ठरत नाही. गडचिरोलीच्या कामाला जगाने मान दिला तो तुलनेच्या गावांतही तितक्याच कसोशीने मृत्यू मोजले म्हणून. गनियारीचे म्हणणे पटले, ते सतराशेच्या जवळपास रोग्यांचे वजन बिनचूक नोंदविले म्हणून. आपलेपणा हा शिस्तीला पर्याय होऊ शकत नाही.

दुसरी अडचण स्थलांतरितांची आहे. ग्रामसभेवर आधारलेली कोणतीही पद्धत ज्याला गाव आहे त्याचेच ऐकते. भनपुरीच्या पट्ट्यात काम करणारा मजूर गावच्या सभेच्या दिवशी गावात नसतो, आणि जेथे तो राहतो तेथे त्याची सभा भरत नाही. अशा माणसांसाठी कारखान्याची पाळी सुटल्यावर, भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत, पाण्याच्या नळापाशी माहिती जमवावी लागेल, आणि जमविणारीही त्यांच्यातलीच असावी लागतील. शहरातील मितानिनीच्या रूपाने त्याची सुरुवात झाली आहे. तिच्या हाती औषधांच्या पेटीबरोबर नोंदवहीही हवी, आणि तिच्या नोंदींना नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात स्थान हवे.

तिसरी गोष्ट सातत्याची. एकदाच लिहून घेतलेले म्हणणे दहा वर्षांत शिळे होते. ज्या गावाने मोठ्या आशेने आपला वृत्तान्त लिहून दिला, त्याला पुढे काही उत्तरच मिळाले नाही, तर दुसऱ्या खेपेस ते गाव बोलणार नाही. माहिती मागणे हे एक प्रकारचे वचन असते, आणि ते पाळण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर असते. म्हणून संशोधनासाठी जो पैसा ठेवला जातो, त्याचा काही भाग निष्कर्ष परत गावात नेऊन समजावून सांगण्यासाठी राखून ठेवणे, आणि शासनाने त्यावर काय केले हे ठरावीक मुदतीत कळविणे, हे नियमाचे अंग असले पाहिजे.

दूरच्या तज्ज्ञाची यात गरजच नाही, असा अर्थ कोणी काढू नये. गणित, औषध आणि तुलनेची रीत ही साऱ्या जगाची मालमत्ता आहे, आणि गरीब देशांनी तिच्यावर हक्काने ताबा सांगावा. पण तज्ज्ञ जेव्हा येतो तेव्हा त्याने प्रश्नावली बरोबर आणण्यापूर्वी काही काळ ऐकण्यात घालवावा, आणि त्याच्या अभ्यासाचे नेतृत्व जेथल्या तेथे राहणाऱ्या, तेथेच मुरणाऱ्या माणसांकडे असावे. तो परत गेल्यावरही वजनकाटा चालू राहिला पाहिजे, नोंदवही भरली गेली पाहिजे आणि पुढचा प्रश्न सुचला पाहिजे.

विकासात सर्वांना वाटा मिळावा, ही गोष्ट आता सर्वत्र बोलली जाते. पण फळाचा वाटा मागाहून येतो. त्याआधी काय हवे आहे आणि काय खुपते आहे, हे सांगण्यातला वाटा मिळावा लागतो. पाऱ्यातल्या बाईने निवडलेली मैत्रीण, मणी सरकविणारी सुईण आणि आपल्या गावाचा वृत्तान्त स्वतः लिहिणारा शेतकरी या तिघांनी हा वाटा घेऊन दाखविला आहे. त्यांच्या प्रश्नांना धोरणाच्या पहिल्या पानावर जागा देणे, एवढेच आता राज्यकर्त्यांच्या हाती उरते.